बोळवणीची बाजू

"बाई, आमचे देव तुमच्या कंपूटरात अडकल्यात. तेवढे सोडवून द्या, म्हंजी आम्ही जातो."

गोदाक्का दारातूनच बोलली. भाद्रपदातलं ऊन तिच्या पाठीवर होतं. एका हातात चपला, दुसऱ्या हातात मोबाइल, तोही पदराच्या टोकात असा गुंडाळलेला की जणू नुकतं पाळण्यातून उचललेलं मूल. तिच्या मागे तिचे यजमान यमाजी पाचंगे उभे होते. गळ्याभोवती पांढरं उपरणं घट्ट आवळलेलं. मी "आत या, बुवा" म्हटलं तसे त्यांनी हात जोडले, ओठ हलवले. आवाज आला नाही.

"ते न्हाई बोलायचे आता," गोदाक्का म्हणाली. "गळ्याचं आपरेशन झालं. समदं खरवडून काढलं डाक्टरानं. जन्मभर मला बोलू दिलं न्हाई, आता माजी पाळी आली."

यमाजी हसले. त्या हसण्यालाही आवाज नव्हता, नुसते खांदे हलले.

हा माणूस तुळजापूर भागातला गोंधळी. माझ्या माहेरचा गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराकडे. आमच्याकडे लग्न उरकलं की गोंधळ घालायचा. चौकात पाट मांडायचा, दिवटी पाजळायची, संबळावर थाप पडली की यमाजींनी एकेका देवाला त्याच्या त्याच्या गावाहून नावानं हाक मारायची. ते आवतन. मग कथा, गाणी, हसणं-रडणं, आणि उजाडता उजाडता आलेल्या सगळ्यांना परत वाटेला लावायचं. ती बोळवण. माझ्या लग्नातही ते गायले होते. माझे वडील, ज्यांना सगळं गाव मास्तर म्हणे, त्यांनी आपला टेपरेकॉर्डर पाटाशेजारी ठेवला होता. पण तो सुरू करायचं त्यांच्या ध्यानात आलं ते पार शेवटी. त्यामुळे त्या कॅसेटमध्ये आवतन नव्हतंच. होती ती एकटी बोळवण.

वडील गेल्यावर त्यांची कॅसेटची पेटी माझ्याकडे बार्शीला आली. शाळेच्या ऑफिसातलं काम आटोपून घरी आले की मी एकेक कॅसेट संगणकावर उतरवायची आणि एका साइटवर ठेवून द्यायची. आपल्याकडचं तिथे ठेवावं, दुसऱ्याचं घ्यावं, अशी ती साइट. कुणी कुणाला विचारत नसे. तिथेच मी ती बोळवण ठेवली होती. पुढे कधीतरी गोदाक्काच्या भाचीनं ती शोधून काढली आणि घरात सगळ्यांना ऐकवली. इतक्या वर्षांनी उरलेला एवढाच आमचा संबंध. म्हणून ती दोघं एसटी पकडून आली होती.

"आता बगा," गोदाक्का म्हणाली. पदराचं टोक सोडवून तिनं मोबाइल तोंडासमोर धरला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी ओरडली, "यमाजी पाचंगे बोळवण!"

मोबाइलनं विचार केला. मग आवतन आलं. कॅसेट कंपनीचं आवतन, रिमिक्स आवतन, रिंगटोनचं आवतन. खाली खाली सरकवत नेलं तरी आवतनच.

"बगितलं? म्या 'जा' म्हनती, हे 'ये' म्हनतंय. आदी असं न्हवतं. आदी बोललं की लगीच यायचं."

मी माझ्या संगणकावर शोधून पाहिलं. माझं पान नव्हतं. त्या साइटचं कुठलंच पान नव्हतं. यादीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: हक्कभंगाच्या तक्रारीमुळे काही निकाल काढून टाकण्यात आले आहेत. मी साइटचा पत्ता पाठ होता तसा टाइप केला. साइट उघडली. बोळवण तिथेच होती, जिथे मी ठेवली होती तिथे. घर जागेवर होतं, घराकडे येणारी वाट तेवढी कुणीतरी नांगरून टाकली होती.

"सापडलं की!" गोदाक्का म्हणाली.

"मला सापडलं, आक्का. मला पत्ता ठाऊक आहे म्हणून. बाकी कुणाला आता सापडायचं नाही."

मी त्यांना समजावून सांगितलं. कंपनीनं तक्रार केली असणार, म्हणून शोध घेणाऱ्यांनी ती साइटच आपल्या यादीतून उडवली. तुम्हाला हवंय तर मी गाणं मोबाइलमध्ये भरून देते. कायम राहील, कुणी काढू शकणार नाही.

यमाजींनी मान हलवली. नको.

"आमी घरात ऐकून काय करू?" गोदाक्का म्हणाली आणि जमिनीवर मांडी घालून बसली. आता तिचा चेष्टेचा सूर गेला होता. "बाई, ह्यांनी जवानीत कंपनीला आवतन दिलं. कॅसेट निघाली. कॅसेट गेली, शीडी आली, शीडी गेली, आता समद्यांच्या खिशात आलं. सांगोल्यात वरात हाय, वाजवलं आवतन. लातुरात मिरवणूक हाय, वाजवलं आवतन. कुनाचा फोन वाजला, आवतन. देवी बिचारी येती. तिला काय ठावं, लगीन हाय का फोन हाय? नावानं हाक आली की ती निगती. यिऊन हुबी ऱ्हाती. बस म्हनाया कुनी न्हाई, जा म्हनाया कुनी न्हाई. सासरला गेलेली लेकसुदिक सांजंला दोन घास खाऊन आडवी हुती. हिनं किती हुबं ऱ्हावं?"

मी खुर्ची सोडून तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"तुमी ती बोळवण लावलीसा तवा ह्यांला बरं वाटलं. गावोगावच्या ब्यांडवाल्यांला, डीजेवाल्यांला सांगत फिरलो आमी. आवतन लावा, खुशाल नाचा. पर शेवटाला हेबी लावा. पोरं बी ऐकायची. कुनी हसून लावलं, कुनी भिऊन लावलं, पर लावलं. आता म्हनत्यात, आजी, गावतच न्हाई. आनि घट बसायला आल्यात. नवरात्रात तर गल्लीगल्लीत हाक मारत्याली."

"बुवांच्या धाकट्या भावानं गायली तर? त्यांचं नवं रेकॉर्डिंग करू."

यमाजींनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग तेच बोट ओठांवर, मग मोबाइलवर.

"ज्यानं हाक मारली त्यानंच वाटंला लावायचं असतं," गोदाक्का हळू म्हणाली. "दुसऱ्याचा गळा चालत न्हाई. आनि ह्यांचा तर असा झालाय."

घट बसायच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिघं पुण्याला गेलो. बसमध्ये यमाजी खिडकीशी बसले होते. टेंभुर्णीच्या पुढे कुठेतरी मागच्या सीटवरच्या माणसाचा फोन वाजला. यमाजींचाच तरणाबांड आवाज, संबळ, हाक. माणसानं फोन उचलला, हाक मध्येच तुटली. यमाजींनी डोळे मिटून घेतले आणि मांडीवरच्या बोटांनी काहीतरी वाजवलं. गोदाक्कानं माझ्याकडे पाहिलं. "पाठवतायत," ती पुटपुटली. "जमंल तसं."

कंपनीचं ऑफिस बुधवार पेठेत, एका इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या माडीवर. पूर्वी जिन्यापर्यंत कॅसेटचे खोके रचलेले असत म्हणे. आता चार संगणक आणि एक थंड खोली. कारखानीस नावाचा मॅनेजर होता, चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं. यमाजींचं नाव ऐकताच खुर्चीवरून उठला आणि त्यांच्या पायाला हात लावला. ते मला आवडलं, आणि पुढचं बोलणं त्यामुळे जास्त अवघड झालं.

"मॅडम, तक्रार आम्ही बसून करत नाही हो. एजन्सी आहे. आमच्या गाण्यांची नावं त्यांच्याकडे आहेत, त्यांची यंत्रं शोधत असतात. नाव जुळलं की तक्रार. त्या साइटवर आमची शेकड्यानं गाणी होती, म्हणून सगळी साइटच गेली."

"पण माझ्या कॅसेटमध्ये तुमचं गाणं नाहीच. फक्त बोळवण आहे."

त्यानं संगणकावर काहीतरी उघडलं. "नाव काय दिलंय बघा तुम्ही. 'यमाजी पाचंगे, आवतन-बोळवण.' आवतन आमचं आहे."

"आवतन त्यात नाही."

"मग लिहिलं कशाला?"

वडिलांनी कॅसेटवर जे लिहिलं होतं तेच मी उतरवलं होतं. का, असा प्रश्न मला पडलाच नव्हता.

"एकटी बोळवण कोन लिहितंय रं लेकरा?" गोदाक्का म्हणाली. "ती मयताची अस्ती. देवाची लिहायची तर आदी आवतन लिहायचं, मग जोडून बोळवण. आत असो नसो. लग्नाच्या कॅसेटीवर मास्तर तसं अभद्र लिहितील व्हय?"

कारखानीसनं कपाळ चोळलं. "आजी, यंत्राला हे कसं कळणार?"

"यंत्राला न्हाई कळत तर तू सांग की. तुला तर कळलं."

तो हसला, पण थकल्यासारखा. म्हणाला, काढायला एक तक्रार पुरते, परत आणायला मात्र हक्क कुणाचा ते सिद्ध करावं लागतं. आणि तिथेच गोम होती. यमाजींनी तेव्हा जो करार केला त्यात त्यांनी गायलेला सगळा गोंधळ कंपनीचा होता. आवतनही, बोळवणही. मग ती कुठल्याही चौकात गायलेली असो.

"मग बोळवण घेतली का न्हाई तवा?" गोदाक्का ताडकन म्हणाली. "ह्यांनी गायली हुती. तुमच्या थोरल्या सायबानं काढून टाकली. म्हनले, जायचं गानं कोन इकत घेतंय? तिथं नवसाचं गानं बसवा. ह्यांनी मान हलवली. आजवर त्या मानंला बोल लावत्यात."

यमाजींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं तोंड बंद केलं, पण श्वास चालूच होता जोराचा.

"ऐकवता का?" कारखानीस म्हणाला.

मी पर्समधून कॅसेट काढली. जुना डेक त्याच्या कपाटावर धूळ खात होता, तो त्यानं स्वतः खाली उतरवला. आधी नुसती खरखर. मग संबळ, थकलेला, पहाटेचा. आणि मग तो आवाज, रात्रभर गाऊन कडांना चिरा गेलेला:

दिवटीचं तेल सरलं, आता निगावं माय
वेशीपत्तुर येतो आमी, वाट तुला ठावी हाय
खनानारळाची वटी, दहीभाताचं गाठुडं
मागं वळून बगू नगं, तुजं घर हाय म्होरं

कडवं कडव्याला लागत गेलं. एकेका देवीला तिच्या गावाचं नाव घेऊन निरोप. कुणाला ओढ्याकाठून जा म्हटलं होतं, कुणाला डोंगरवाटेनं, कुणाला ऊन व्हायच्या आत. मी तेव्हा आत, माजघरात, हळदीच्या अंगानं भिंतीला टेकून बसले होते, आणि मला वाटलं होतं हे मलाच चाललंय. वडिलांनाही तसंच वाटलं असेल का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

गाणं सरलं. दुधात दिवटी विझवल्याचा चर्र आवाज आला. मग अगदी जवळून, टेपरेकॉर्डरवर वाकलेल्या माणसाचा आवाज: "झालं का, यमाजी? बंद करू?"

माझे वडील.

आणि लांबून उत्तर: "थांबा, मास्तर. पोचू द्या त्यांला."

त्यानंतर कुणीच बोललं नव्हतं. टेप फिरत राहिली होती. लांब कुठेतरी कोंबडा, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला, आणि मोकळं, उजाडत जाणारं अंगण. कंपनीच्या त्या थंड खोलीत आम्ही चौघं ते ऐकत बसलो. यमाजींनी तळहात उभा धरला होता, टेपमधल्या त्या पहाटे धरला असेल तसाच. टेप संपून बटण खटकन उडालं तेव्हा त्यांनी तो खाली घेतला.

कारखानीसनं कॅसेट डेकमधून काढून डबीत ठेवली. मग म्हणाला, "मी सांगू का? भांडत बसलात तर वर्ष जाईल. त्यापेक्षा ही बोळवण आम्हीच काढतो. आवतनाच्या खालीच लावतो. शोधलं की पहिली येईल, घट बसायच्या आत. टेप मात्र तुमच्या वडिलांची, तेव्हा तुमची सही लागेल. मूळ कॅसेट इथं राहील. आणि तुमचं पान तुम्ही काढायचं."

मला त्या पानाखाली लोकांनी लिहिलेलं आठवलं. सुरतेच्या गिरणीतल्या कुणीतरी लिहिलं होतं, आम्ही सगळे खोलीवर आवतनानंतर हे लावतो, गावी जाऊन आल्यासारखं होतं. त्याला मी उत्तर दिलं होतं, लावत जा. आता तेही जाणार होतं. आणि वडिलांच्या हातची कॅसेट, तिच्यावरचं त्यांचं गोल अक्षर, ते कुणाच्या तरी कपाटात.

यमाजी माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत आग्रह नव्हता. रात्रभर गायलेला माणूस पहाटे पाण्याच्या तांब्याकडे बघतो तशी ती नजर होती.

"तुज्या बापाची हाय," गोदाक्का म्हणाली. "तू म्हनशील तसं. आमी काय, आलो तसं जाऊ."

"देते," मी म्हटलं. "पण शेवट कापायचा नाही."

"शेवटी काहीच नाहीये ना, मॅडम. नुसती शांतता आहे."

"तीच."

त्यानं यमाजींकडे पाहिलं. यमाजींनी पुन्हा तळहात उभा केला. कारखानीसनं मान डोलावली, एका पिवळ्या चिठ्ठीवर 'शेवट कापू नये' असं लिहिलं आणि ती कॅसेटच्या डबीला चिकटवली. मी सही केली. जिना उतरताना गोदाक्का म्हणाली, "पोरगं वाईट न्हाई." मग दोन पायऱ्या उतरून, "पर दमलंय."

घट बसले त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. ओरडतच होती. "बाई, आली! म्या नुसतं 'बोळवण' म्हनलं, पुरं नाव बी घेतलं न्हाई, तर आली! ह्यांनी चारदा ऐकली. रडले बी. आवाज न्हाई, पानीच नुसतं."

"छान झालं, आक्का."

"व्हय." तिचा आवाज उतरला. "पर बाई, लवकर संपती."

मी ऐकून पाहिलं. दुधाचा चर्र आवाज आला आणि तो पुरता विझायच्या आत ढोल-ताशाचं दुसरंच गाणं अंगावर आलं. वडील नव्हते. यमाजींचं ते वाक्य नव्हतं. उजाडणारं अंगण नव्हतं. मी कारखानीसला फोन केला. त्यानं चिठ्ठी लावली होती, चिठ्ठी डबीवर अजून होतीही. पण एडिटिंग दुसरीकडे होतं, आणि तिथल्या नियमाप्रमाणे मागचा रिकामा भाग आपोआप छाटला जातो. तो म्हणाला, सॉरी, मॅडम, खरंच सॉरी. बघतो काही करता येतं का. त्याच्या आवाजावरून मला कळलं की येणार नाही. मी भांडले नाही. माझ्याकडची उतरवलेली प्रत मी ठेवून दिली. सही केली होती, म्हणून कुठे चढवली नाही.

मी हे गोदाक्काला कसं सांगावं याचा विचार करत होते. तिनंच पुन्हा फोन करून सांगितलं.

"ह्यांनी हातानं दावलं, असू दे म्हून. निरोप तर झाला. आता कसं करत्यात म्हाईताय? बोळवण सरली की हात उबा धरत्यात. म्या पटकन फोन बंद करती. मग आमी दोगं बसतो गप. सून म्हनती, आत्या, काय झालं? म्या म्हनती, काय न्हाई, पोचू दे."

पुढच्या वर्षी यमाजी गेले. त्यांना पोचवायला मी गेले होते. दिवटी त्यांच्या भावानं धरली होती.

परवा सोलापुरात स्टँडवरून रिक्षा केली. ड्रायव्हर तरणा पोरगा, आरशाला लिंबू-मिरची आणि भवानीचा फोटो. गाणं मोठ्यानं लावलेलं. आवतन. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो तेव्हा आवतन संपलं आणि त्याच्या मागून, कुणी न लावता, आपली आपण बोळवण सुरू झाली. यंत्रानंच जोडून दिली होती. पोरगा हँडलवर बोटानं ठेका धरत होता. ओढ्याकाठून जा, डोंगरवाटेनं जा, ऊन व्हायच्या आत जा. रिक्षा मला जायचं होतं त्या दारी थांबली तेव्हा दुधाचा चर्र आवाज येत होता.

"बंद कर जरा," मी म्हटलं.

त्यानं दचकून बटण दाबलं. "का हो मावशी? आवडलं नाही का गाणं?"

"आवडलं."

मी उतरले नाही. तळहात तसाच उभा धरून बसले. तो आरशातून माझ्याकडे बघत होता.

"थांब थोडं," मी म्हटलं. "पोचू दे त्यांना."